तूप बंद केलं, सेव चालू आहे. हृदयविकाराचं खरं गणित काय?

रामबागवाली
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमचे मोठे भावजी हार्ट अटॅकने गेले. पंचावन्नही पूर्ण नव्हते. दारू-सिगारेट नाही, अंगाने बेताचेच. ब्लडप्रेशरची गोळी मात्र आठवली तर घ्यायचे. तेव्हापासून जेवायला बसलं की घरात एकच वाद. सासूबाईंनी तूप पूर्ण बंद केलंय. धाकटे भावजी मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि सांगतात की तूप अमृत, तेल विष, सगळा स्वयंपाक तुपातच करा. आमचे हे म्हणतात, ज्याची वेळ आली तो जातो, खाण्याचा काही संबंध नाही. आणि या सगळ्यात सकाळी पोह्यांवर, दुपारी वरणभातावर, संध्याकाळी चहाबरोबर सेव आहेच. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खाण्यामुळे हृदयविकाराने मरण्याचा धोका खरंच कमी-जास्त होतो का? आणि होत असेल तर मालव्यात मुरलेल्या आमच्यासारख्या मराठी घरात आधी काय बदलायचं? तुमच्या घरी काय केलंत ते सांगा.

जीरावन
ताई, वाचून फार वाईट वाटलं. सासूबाईंना सांभाळा.
सेवेचं म्हणाल तर इंदुरात सेव सोडणं म्हणजे गाव सोडण्यासारखंच आहे. माझ्या मामाने डॉक्टरांना विचारलं होतं, "सेव खाऊ का?" डॉक्टर म्हणाले, "चिमूटभर." मामाने घरी येऊन विचारलं, "कुणाची चिमूट धरायची?"

तिलकनगरची मावशी
सासूबाईंचं दुःख मी समजू शकते, पण तुपावर राग काढू नये. आमच्या घरी आजही विरजण लावून, लोणी काढून, घरी कढवलेलं तूप असतं. माझे सासरे रोज भाताच्या मुदीवर तूप घ्यायचे आणि नव्वदीपर्यंत खणखणीत होते. बाजारचं पाकिटातलं खाऊन आजारी पडायचं आणि नाव तुपाचं!

शंकासुर
मावशी, आदर ठेवून सांगतो. नव्वदीपर्यंत जगलेले आजोबा आपल्याला आठवतात. त्याच पंगतीत बसून तेच तूप खाल्लेले जे पन्नाशीत गेले, त्यांचं उदाहरण कुणी देत नाही. पूर्वी त्याला "अचानक गेले" म्हणायचे आणि विषय संपायचा. एका माणसावरून तूप चांगलंही ठरत नाही, वाईटही नाही.

निवृत्त रेल्वेवाला
मावशींच्या बाजूने माझं एक माप घाला. मी रेल्वेत उभा जन्म काढला, म्हणून हे लक्षात राहिलं. आपल्याच रेल्वेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये देशभरातल्या लाखो रेल्वे कर्मचाऱ्यांमधल्या मृत्यूंचा अभ्यास छापला होता. दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण उत्तरेतल्यांच्या सुमारे सातपट निघालं. आणि स्निग्ध पदार्थ कितीतरी पटीने जास्त खाणारे होते उत्तरेतले, तेही दूध, दही, तूप. दक्षिणेत बियांचं तेल. एकच खातं, सारखी नोकरी, सारख्या पगारश्रेणी. मग तूप मारतं कसं म्हणायचं?

शंकासुर
काका, अभ्यास खरा आहे आणि त्या काळासाठी मोठाच आहे. पण पंजाबातला रुळांवर काम करणारा गँगमन आणि मद्रासकडचा कर्मचारी यांच्यात फक्त तुपाचा फरक नव्हता. एक गहू खायचा, दुसरा भात. सवयी वेगळ्या, शरीर वेगळं, मृत्यूचं कारण नोंदवण्याची पद्धतही किती सारखी असेल? शिवाय पुढचं चित्र बघा. २०१६ च्या देशव्यापी आकडेवारीत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार सर्वांत जास्त आढळले ते केरळ, पंजाब आणि तामिळनाडूत. तूपवाला पंजाब आणि तेलवाला तामिळनाडू एकाच यादीत. म्हणजे तूप की तेल, हा प्रश्नच अपुरा आहे.

लष्कर, ग्वाल्हेर
शंकासुरांच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दुजोरा, घरच्या अनुभवावरून.

माझ्या यजमानांची बायपास झाली. घरी आल्याबरोबर आम्ही तूप, लोणी, साय सगळं हद्दपार केलं. मग सकाळी काय द्यायचं? चहाबरोबर टोस्ट. अकरा वाजता भूक लागली की "पचायला हलकी" म्हणून खारी. संध्याकाळी मारी बिस्किटं. जेवणात भाकरीऐवजी मऊ भात, कारण "आजारी माणूस आहे". थंडीत गजक, कारण त्यात तूप नसतं! पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले आणि साखर सीमेवर. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभराचं खाणं ओळीने लिहून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "तूप काढलंत, त्या जागी काय आणलंत?"

सगळ्या घराने विचार करावा असा प्रश्न आहे हा. एक पदार्थ काढला की पोट रिकामं राहत नाही. तिथे मैदा आणि साखर आली तर काढल्याचा उपयोग शून्य. आता सकाळी टोस्टच्या जागी मोड आलेली मटकी किंवा बेसनाचं धिरडं, अकराला एक पेरू आणि थोडे शेंगदाणे, जेवणात ज्वारीची भाकरी आणि नुसती वाटीभर नव्हे, चांगली मोठी वाटी भाजी. वरणावर अर्धा चमचा तूप परत आलंय. रिपोर्ट सुधारले.

बडोदेकर
ग्वाल्हेरच्या ताईंचं शंभर टक्के पटलं. इथे बडोद्यातही तेच. सकाळी फाफडा, रविवारी सेव-उसळ, पाहुणे आले की लिलो चेवडो. उसळ खरं म्हणजे औषध आहे हो, वाटाणा आणि मसाला. पण वर सेव इतकी की वाटाणा शोधावा लागतो. मी आता दुकानदाराला सांगतो, "सेव वेगळ्या वाटीत द्या." अर्धी वाटी परत जाते.

जीरावन
बडोदेकर, सेव परत करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. दर्शनाला यावं म्हणतो.

सायली_आहार
उशिरा आले, पण रामबागवाली ताईंचे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न, खाण्याने मरणाचा धोका बदलतो का? बदलतो. सगळ्यात ठळक उदाहरण फिनलंडचं. १९७० च्या सुमारास तिथल्या नॉर्थ करेलिया भागात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. लोणी भरपूर, मीठ भरपूर, भाजी जवळजवळ नाही, सिगारेट घरोघर. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरने तिथे काम सुरू केलं. त्याने नुसती व्याख्यानं दिली नाहीत. गावोगावच्या बायकांच्या मंडळांना हाताशी धरलं, त्यांच्याच पारंपरिक पाककृती कमी लोण्या-मिठात आणि जास्त भाजीत करून दाखवल्या, दुकानदार आणि कारखानदारांनाही सोबत घेतलं. पुढच्या चाळीस वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सिगारेट कमी झाली, उपचार सुधारले, तोही वाटा आहेच. पण मोठा भाग कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब उतरल्याचा.

आता तूप. तुपात साठ टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट (संपृक्त चरबी) असतं आणि त्याने बहुतेकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, हे नीट सिद्ध आहे. पण ग्वाल्हेरच्या ताईंनी सांगितलं तेच शास्त्रही सांगतं. सॅच्युरेटेड फॅट कमी करण्याच्या चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा आला. पन्नास हजारांहून जास्त माणसं त्यात होती. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे घटना मिळून सुमारे १७ टक्के कमी झाल्या. त्या जागी वनस्पतिजन्य तेलं आली तिथे फायदा जास्त ठळक दिसला.

म्हणून मावशींच्या मुदीवरच्या चमच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दाल-बाफल्याच्या पंगतीशी, जिथे बाफला, म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, तुपात बुडवून काढतात आणि वर पुन्हा तूप वाढतात. वर्षातून एकदा असेल तर तेही नाही. आणि धाकट्या भावजींना सांगा, भाजी-पोळीपासून तळणापर्यंत सगळं तुपात करणं ज्या घरात नुकताच असा मृत्यू झालाय तिथे तर मुळीच नको.

शंकासुर
सायलीताई, त्याच आढाव्यातला दुसरा अर्धाही सांगा ना. घटना घटल्या, पण मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. आणि धाग्याचा प्रश्न मरण्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या चाचणीत तर मक्याचं तेल देऊन कोलेस्टेरॉल उतरवलं आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. ती पूर्ण माहिती २०१६ मध्ये जगासमोर आली.

सायली_आहार
बरोबर, मृत्यूंमध्ये त्या चाचण्यांत ठळक फरक नव्हता. कारणही समजून घ्या. रक्तवाहिनीत थर साचायला पंचवीस-तीस वर्षं लागतात आणि चाचण्या बहुधा काही वर्षांच्याच असतात. मिनेसोटात तर बरेच जण वर्षभरही त्या आहारावर नव्हते, आणि त्यात दिलेल्या मार्जरीनमध्ये, म्हणजे तेलापासून केलेल्या लोण्यासारख्या पदार्थात, ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) असण्याची दाट शक्यता आहे. पण तुमचा मुद्दा धरून मृत्यूचंच बोलू.

चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर चाचणी झाली. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठीच्या पुढचे आणि रक्तदाब असलेले. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड आहे असं मीठ. स्वयंपाक तोच, चव जवळपास तीच. पाचेक वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नुसत्या मिठाच्या डब्यातल्या बदलाने!

ताई, तुमच्या भावजींना रक्तदाब होता. त्यांना दोष द्यायचा हेतू अजिबात नाही, पण घरात उरलेल्यांसाठी सांगते: तुपाच्या बरणीआधी मिठाच्या डब्याकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चौघांच्या घरात महिन्याचे झाले ६०० ग्रॅम, आणि त्यात सेव, पापड, लोणचं, पोह्यांवरचा जीरावन मसाला, बाहेरचं सगळं आलं. तुमच्याकडे किलोची पिशवी किती दिवस पुरते ते एकदा पिशवीवर तारीख लिहून बघा.

रामबागवाली
सायलीताई, हात जोडून आभार. पिशवीवर तारीख टाकली. मीठ मी मोजून घालते अशी माझी समजूत आहे, पण पानात मिठाची वाटी असते आणि प्रत्येक जण वरून घेतो, हे आजवर लक्षातच घेतलं नव्हतं.

छावणीतला
आमच्या घरी दोन पिढ्या नमकीनचा धंदा आहे, म्हणून सेवेबद्दल आतलं सांगतो. काही लपवण्यासारखं नाही.

सेव नुसती तळताना तेल पिते असं नाही. बेसन मळतानाच त्यात मोहन घालतात, कुरकुरीतपणा त्यानेच येतो. मग झाऱ्यावरून थेट कढईत. शंभर ग्रॅम सेवेत ३५ ते ४५ ग्रॅम तेल असतं. पाकिटामागे छापलेलं असतं, वाचा. स्वस्तातली सेव असेल तर तेल बहुतेक पामचं, आणि पामतेलात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड फॅट असतं. म्हणजे तूप बंद करून वाटी-वाटी सेव खाणाऱ्याने काय साधलं? आम्ही घरच्यासाठी शेंगदाण्याच्या तेलात करतो, तीही पाहुण्यांपुरती.

पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही.

आणि एक. कढईतलं तेल पुन्हा पुन्हा तापवून काळं होतं, त्यावर आता कायदा आहे. तेलातली खराब संयुगं, ज्याला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. २०१८ पासूनचा नियम. मोठे कारखाने मोजतात. गाडीवाला डोळ्यांनीच बघतो. तेलाला फेस येत असेल, धूर लवकर सुटत असेल, तर तिथली कचोरी घेऊ नका.

तिलकनगरची मावशी
हे मात्र पटलं. आणि डालड्याचं काय? आमच्या लग्नातल्या जिलब्या, बुंदी, सगळं डालड्यात व्हायचं. कौतुकाने डबे जपून ठेवायचो, तुळस लावायला.

सायली_आहार
मावशी, सगळ्यात वाईट तेच. अर्धवट हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असायचं. ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, खाली ओढतं. दिवसाच्या एकूण उष्मांकातले २ टक्के जरी ट्रान्स फॅटमधून आले तरी हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला होता. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही. तुमचं घरी कढवलेलं तूप त्याच्यापेक्षा केव्हाही बरं, चमचा तेवढा लहान ठेवा.

पोहे_रोज
मग आता पोहेही गेले का आमचे?

लष्कर, ग्वाल्हेर
पोहे कशाला जातील! इंदुरी पोहे तर आपल्या फोडणीच्या पोह्यांपेक्षा कमी तेलाचे. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोह्यांची परात, वाफेवरच शिजतात. माहेरी इंदुरला आले की मी उभी राहून बघते. पोहेवाला पोहे मोजून देतो, पण सेव मुठीने घालतो. मग जीरावन, त्यात काळं मीठ. आणि शेजारी जिलबी. घरी करा, वर मटार, डाळिंबाचे दाणे, कांदा, कोथिंबीर भरपूर, शेंगदाणे मूठभर आणि सेव चवीपुरती.

जीरावन
भिया, जिलबी मध्ये आणू नका. रविवारची जिलबी हा वेगळा धागा होईल.

बडोदेकर
उपवासाचंही कुणीतरी बोला. आमच्या आईचे आठवड्यातून दोन उपवास. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे तळलेले काप, वरून शेंगदाण्याचा लाडू. "आज काही खाल्लं नाही" म्हणते आणि तिला ते खरंच वाटतं. साखर तपासली तर उपवासाच्या दिवशी जास्त.

सायली_आहार
त्यांना वरी आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडी, ताक, फळं असं सुचवा. उपवास मोडत नाही आणि आईंचं मनही.

भाजी-फळांवर एक आकडा. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ च्या आसपास. आणि रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडे पाव हिस्साच, इतरत्र ४५ टक्के. शाकाहारी घर म्हणजे भाजी भरपूर, असं आपण धरून चालतो. पानात बघा: पोळी, भात, बटाटा, पापड, लोणचं, सेव. हिरवं किती?

निवृत्त रेल्वेवाला
एवढं वाचून तुपाबद्दलचं माझं मत निम्मं बदललंय, निम्मं शाबूत आहे. चोइथराम मंडीतून आणलेली पालेभाजी निवडत बसलोय.

शंकासुर
मी पण एक मान्य करतो. मिठाच्या चाचणीवर माझ्याकडे हरकत नाही.
पण मंडळी, एक गोष्ट धाग्यात कुणीच लिहिली नाही. आहार धोका कमी करतो, शून्य करत नाही. रामबागवाली ताई, भावजींना आधी काही जाणवलं होतं का? विचारणं योग्य नसेल तर उत्तर देऊ नका.

रामबागवाली
विचारलंत ते बरंच झालं. आदल्या रात्रीपासून छातीत जड वाटत होतं, घाम येत होता. गॅस झालाय म्हणाले. ओवा घेतला, हिंगाचं पाणी घेतलं, पडून राहिले. सकाळी नेईपर्यंत उशीर झाला.

लष्कर, ग्वाल्हेर
ताई, तुमच्याकडून काही चुकलं असं मनात आणू नका. प्रत्येक मराठी घरात आधी ओवाच निघतो. पण वाचणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगते: छातीत जडपणा, दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, थंड घाम, यातलं काही झालं तर ओवा शोधू नका, १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळतं. गॅस निघाला तर हसत घरी या. यजमान वाचले ते वेळेत पोचल्यामुळे, भाकरी नंतर आली.

रामबागवाली
काल रात्री सगळ्यांना एकत्र बसवून हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "सेवेचा मोठा डबा माळ्यावर टाक, लहान वाटी बाहेर ठेव." मिठाची वाटी पानातून गेली. तुपाचा चमचा वरणभातापुरता परत आला, तळण आणि फोडणी शेंगदाण्याच्या तेलात, तीही बेताची. धाकटे भावजी सगळं तुपात करण्याचा हट्ट सोडायला तयार झाले, पण अट घातली की छावणीतल्या दादांनी सांगितलेलं पाकिटावरचं गणित ते स्वतः दुकानात जाऊन तपासणार. आमच्या ह्यांना आणि धाकट्या भावजींना शनिवारी रक्तदाब आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासायला नेतेय. दोघेही चाळिशी ओलांडलेले, सख्ख्या भावाला पन्नाशीत अटॅक आलेला, म्हणजे टाळून चालणार नाही.

निवृत्त रेल्वेवाला
उत्तम. सायलीताई, ते पोटॅशियमवालं मीठ मी आणलं तर चालेल का? मला रक्तदाबाची टेल्मिसार्टन चालू आहे.

सायली_आहार
काका, थांबा, परस्पर सुरू करू नका. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या काही गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जास्तच, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले तरच आणा. तोवर नेहमीचंच मीठ, पण कमी. आमटीत चिंच किंवा आमसूल वाढवा, भाजीवर लिंबू पिळा, मीठ कमी आहे हे जाणवणार नाही.

निवृत्त रेल्वेवाला
सोमवारी तपासून घेतो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.